शेवंतीवरचे निळे ठिपके

वाळूला 'थुंक्या' हे नाव मीच ठेवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायची कुणाला हौस राहायची नाही.

सायखेड्यात येऊन तुम्ही "वाळू भोये कुठं बसतो?" असं विचारलंत तर चहावालासुद्धा डोकं खाजवेल. "थुंक्या वाळू" म्हणा, शेंबडं पोरही बोट दाखवेल. चांदोरी रस्त्याला पत्र्याचं शेड, बाहेर दोन-तीन ब्लोअर पोटं उघडी टाकून पडलेले, आणि त्यातल्या एकात कमरेपर्यंत शिरलेला माणूस, तो वाळू. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं ओढायची औषधाची टाकी. मागं मोठा पंखा, पंख्याभोवती गोलाकार नोझलं. पंखा फिरला की औषधाचे थेंब होऊन द्राक्षाच्या वेलीत शिरतात. ज्याचा बाग आहे त्याला बायको आठ दिवस माहेरी गेलेली चालते, ब्लोअर बिघडलेला एक दिवस चालत नाही. आमच्या ह्यांनी हे मला तोंडावर सांगितलंय, तेही माझ्या माहेरच्यांसमोर.

तर नाव. आमच्याकडे ब्लोअर दुरुस्त झाला की रस्त्यावर ट्रायल घ्यायची पद्धत आहे. टाकीत नुसतं पाणी भरायचं, पंखा सोडायचा, आणि सगळ्यांनी लांब उभं राहून बघायचं. ज्याचा ढग मोठा, त्याचा ब्लोअर भारी. धूर असा उठला पाहिजे की मागचं माणूस दिसू नये. आणि वाळूनं लावलेला ब्लोअर बघायला जावं तर ढग नाहीच. थेंब आपले सपसप येतात आणि समोरच्या झाडाला चिकटतात, खेळ खलास. एका हळदीकुंकवाला बारा बायकांसमोर मी म्हटलं, "बाकीच्यांचे ब्लोअर धूर सोडतात गं, आमच्या वाळूचा थुंकतो!" बायका हसल्या. मला वाण लुटल्यापेक्षा जास्त आनंद झाला. संध्याकाळपर्यंत ते पुरुषांत पोचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो थुंक्या झाला. त्याची बायको भागीबाई आमच्याच बागेत कामाला यायची. तिच्याही कानावर गेलंच असणार. तेव्हापासून ती माझ्याकडे चहा प्यायची बंद झाली. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल.

वाळू मूळचा पेठकडच्या डोंगरातला. आईबापाबरोबर द्राक्षाच्या छाटणीला आला आणि इथंच राहिला. त्यांच्या पाड्यात म्हणे पावसाळ्यात ढग घरात येऊन बसायचा. "येऊ द्या म्हणायची सोय नाय काकू, कुडातूनच यायचा. चुलीचा धूर आन ढग, दोघं गळ्यात गळा घालून. गोधडी हातात घ्यावी तर ओली, आन पाऊस तर पडलेलाच नाय." धुक्याकडं तो तेव्हापासून बघत आलाय. आपण धुकं बघून म्हणतो, वा काय छान. हा बघतो ते कुठून कुठं चाललंय.

तीन-चार वर्षांपूर्वी तो नाशिकला फवारणीच्या कसल्याशा प्रशिक्षणाला गेला. तीन दिवसांचं होतं. परत आला तो खिशात पिवळ्या कागदांची चळत घेऊन आणि तोंडात एक नवा शब्द घेऊन. एरोसोल.

मी ओट्यावर शेंगा फोडत होते. म्हटलं, "काय रे ते? सोलायचं असतं का?"

"अहो काकू, तुम्ही संध्याकाळी धूप घालता ना, तो एरोसोल. गंगेवर सकाळी धुकं बसतं, तो एरोसोल. आजी शिंकतात..."

"सासूबाईंना मधे आणू नकोस, ऐकू येतं त्यांना."

"हवेत तरंगत राहील असा बारीक कण. पाण्याचा असू दे, धुळीचा, धुराचा, मिठाचा, कशाचा पण. तो कण आन त्याला उचलून धरणारी हवा, दोघं मिळून एरोसोल. साहेबांनी लय भारी सांगितलं. म्हणे हवामानवाल्याला विचारा, तो म्हणेल हे पावसाचं बी. समुद्रातलं मीठ उडतं, वाऱ्यानं इगतपुरीच्या घाटावर येतं, त्या कणाला वाफ चिकटते, मग थेंब होतो. कणच नसता तर वाफेनं धरायचं कशाला? डॉक्टरला विचारा, तो म्हणेल औषध, नायतर रोग. कोरोनात आपण तोंडं बांधली ती कशापायी? शहरात प्रदूषण मोजणारा म्हणेल कचरा. तुमचा अमितदादा काखेत मारतो त्या फुसफुस डब्यावर पण हेच नाव."

"आणि तुला विचारलं तर?"

"मला विचारलं तर चूक," वाळू म्हणाला. "माझ्या नोझलातून एरोसोल निघाला, म्हंजे माझं काम बिघडलं."

मी शेंगा टाकून हसले. "मग तू रे कोण? तू पण तोच. एका जागी टेकत नाहीस!" तोही हसला. माझ्या प्रत्येक थट्टेला तो हसायचा. मला वाटायचं, माझी थट्टा त्याला आवडते.

त्याच्या त्या 'चूक' म्हणण्याचा अर्थ मला कळला तो सासूबाईंमुळे. सावित्रीबाई आमच्या, ब्याऐंशी वर्षांच्या, दम्याच्या. डॉक्टरनं वाफेचं मशीन घ्यायला लावलं होतं, तोंडाला मास्क लावून औषध ओढायचं. त्या ते घेत असताना वाळू टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला आला आणि व्हॉल्व्ह राहिला बाजूलाच, हा त्यांच्यापुढं उकिडवा बसला. पाव तास.

"आजी, हे तर माझंच ब्लोअर! पण उलटं."

सासूबाईंनी मास्क वर केला. "काय उलटं?"

"तुमच्या छातीत गल्लीबोळ हायती. मोठा थेंब पहिल्याच वळणाला आपटतो, घशातच राहतो. बारीक थेंब वळत वळत पार खालपर्यंत जातो. म्हणून इथं धुकंच पायजे. वेलीत तेच नको. बारीक थेंब पानापाशी येतो आन हवेबरोबर पानाला वळसा घालून निघून जातो. बसतच नाय. मग तो जातो कुठं? शेजारी."

"वाळ्या, तू डॉक्टर व्हायचास."

"मग आजी, तुमच्या नाकात पाना घातला असता."

सासूबाई इतक्या हसल्या की औषध अर्धं वाया गेलं. मीही हसले, आणि ऐकलंही. ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही. तेच तर आहे.

आता माझ्या जाऊबाई. मंजुषा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बाग रस्त्याच्या पलीकडं. तिनं गेल्या साली नवा ब्लोअर घेतला आणि ट्रायलला असा ढग उठवला की विजेचा खांब अर्धा दिसेनासा झाला. वर मला म्हणते, "ताई, तुमचा पण होईल हो असा, आधी मेकॅनिक बदला." आणि ती ओढणी सावरत हसली. मी घरी आले, भाकरी करपवली, आणि दुसऱ्या दिवशी ब्लोअर वाळूच्या दारात.

"बारीक चकत्या टाक. प्रेशर वाढव. मला ढग पाहिजे."

नोझलच्या तोंडाशी भोकाची चकती असते. भोक बारीक आणि दाब जास्त, की थेंबाचं होतं धुकं. वाळूनं हात पुसले. "काकू, ढग काय करायचाय? डाऊनीची बुरशी ढगानं मरत नाय, पानावर औषध बसल्यानं मरते."

"मला शिकवू नकोस."

"खालच्या अंगाला वत्सलाबाईंची शेवंती हाय."

वत्सलाबाई आमच्या बांधाच्या शेजारीण. आमचा बाग वर, त्यांचं रान खाली गंगेकडं; गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. दिवाळीला त्यांची पांढरी शेवंती नाशिकच्या फूलबाजारात जाते, आणि सगळं वर्ष त्या त्या चार दिवसांकडं डोळे लावून असतात.

मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "थुंक्या तो थुंक्याच राहणार. चालले मी दुसरीकडं." शेडमध्ये आणखी दोघं बसले होते, ते खी खी हसले. वाळू पहिल्यांदाच हसला नाही. त्यानं पाना घेतला आणि एक एक करत सगळ्या चकत्या बदलल्या. ब्लोअर जोडून देताना एवढंच म्हणाला, "पहाटे धुकं असताना मारू नका. वारा नाय म्हणून फसू नका. थंड हवा पाण्यासारखी उताराला सरकते, आन बारीक थेंब तिच्यावर बसून जातो. जरा उन्हं येऊ द्या, वारा गंगेकडून वर वाहत असला तरच मारा."

"बरं बरं, पंचांग बघून मारते."

लक्ष्मीपूजन चार दिवसांवर होतं. आधीचे दोन दिवस ढगाळ गेले होते, पानावर दव राहायला लागलं, म्हणजे डाऊनी यायची भीती. अमित म्हणाला, बोर्डो मारून घेऊ. मोरचूद आणि चुन्याचं ते निळसर पाणी. पहाटे उठलो तर बाहेर पानही हलत नव्हतं. गंगेवर धुकं पडलेलं. अमित म्हणाला, "आई, वारा अजिबात नाही. मस्त." आमच्याकडं सगळे असंच म्हणतात, वारा नसला की फवारणी सुरक्षित. मला वाळूचं बोलणं आठवलं. आठवलं नाही असंही मला म्हणता येत नाही. पण पलीकडं मंजुषा उठून तिच्या ओट्यावर आली होती, आणि ती बघत असताना मला ढग उठवायचा होता.

उठला की! काय सांगू तुम्हाला. वेलींच्या वर निळसर पडदा, हलत नाही, पडत नाही. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, "आमचं काश्मीर." माझ्या बहिणीनं बदाम पाठवला. मंजुषानं नुसता अंगठा. त्या अंगठ्याचं मला इतकं समाधान वाटलं की मी चहात साखर दोनदा टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचले तर वाळूच्या शेडसमोर माणसं. मधे वत्सलाबाई, पुढ्यात फुलांची पाटी. पांढरी शेवंती. प्रत्येक फुलावर निळे ठिपके. कुणी बसून काडीनं दिल्यासारखे, बारीक, दाट. त्या रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. एक फूल वाळूच्या डोळ्यांपुढं धरून विचारत होत्या, "देवीला वाहू का हे? सांग. सगळा मळा असा झालाय. वरच्या ब्लोअरला चकत्या तू बसवल्यास?"

"हो. मीच बसवल्या."

"बारीक?"

"बारीक."

"का रे? तूच आम्हाला सांगत फिरायचास ना, थेंब मोठा ठेवा म्हणून?"

मी गर्दीच्या मागं होते. वाळूनं मान वर केली आणि त्याला मी दिसले. मला वाटलं आता बोलणार. तो पुन्हा फुलाकडं बघायला लागला. "चुकलं," म्हणाला.

मग लोकांना काय, मोकळं रान. "थुंक्याला कळत नाही ते नाही, वर पिवळे कागद दाखवून शहाणपण शिकवतो!" मंजुषा म्हणाली, "मी तर आधीच सांगितलं होतं ताईंना." कुणी म्हणालं, माझा ब्लोअर आत्ताच बाहेर काढ. कुणी म्हणालं, माझापण. आणि मी, गावातल्या मयताला गेले तरी जिचं तोंड बंद राहत नाही ती मी, पदर तोंडाला लावून उभी राहिले. जणू धूर लागतोय.

घरी येऊन पहिली गोष्ट काय केली असेल? ग्रुपवरचा फोटो खोडला. सगळ्यांसाठी. कारण त्यात सगळं दिसत होतं. ढग बांध ओलांडून खाली चाललेला, आणि ढगाच्या टोकाखाली शेवंतीची पहिली ओळ. फोनमध्ये मात्र राहू दिला. का ते ठाऊक नाही. खोडायला बोट गेलं आणि परत आलं.

दिवाळी आली. वत्सलाबाईंनी फुलं तोडून बांधावर ढीग घातला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बरोब्बर दिसतो तो. चकल्या तळताना दिसतो, करंज्या भरताना दिसतो. पहिल्या दिवशी पांढरा, मग पिवळट, मग तपकिरी. लक्ष्मीपूजनाला मी बाजारातून शेवंती आणली. सासूबाई म्हणाल्या, "आशे, शेजारी मळा असताना विकतची?" मी म्हटलं, "त्यांची संपली." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुझं तोंड दुखतंय का? तीन दिवस घर कसं सुनं सुनं लागतंय."

पाडव्याच्या दुपारी त्यांच्या मशीनची नळी निघाली, औषध येईना. धाप वाढायला लागली. अमितनं कुणाला फोन केला ते मी विचारलंच नाही. दहा मिनिटांत वाळू सायकलवरून आला. चपला बाहेर काढल्या, नळी कापली, तार गुंडाळून घट्ट केली, मास्क स्वतःच्या हातावर धरून वाफ बघितली आणि सासूबाईंच्या तोंडाला लावला. "हं आजी, ओढा. हळू."

मी लाडू पुढं केला. त्यानं घेतला, खिशात ठेवला. म्हणाला, "शेड खाली करतोय. भाऊबीज झाली की पेठला जाऊ. इथं आता कोण काम देईना."

"तू... तू सांगितलं का नाहीस रे? माझं नाव?"

"पाना माझ्या हातात होता ना काकू. मला माहीत होतं आन तरी फिरवला." मग दाराकडं वळत म्हणाला, "आन मला वाटलं, तुम्ही बोलाल. तुम्ही बोलताच."

तो गेला. सासूबाईंनी मास्क वर केला. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हटलं नाही का, ऐकू येतं त्यांना. त्यांनी नुसता माझा हात घेतला आणि सोडून दिला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर जेवण गेलं असतं मला.

भाऊबिजेला चार वाजता मी अमितला ब्लोअर काढायला लावला आणि स्वतः घरोघर सांगून आले, वाळूच्या शेडसमोर ट्रायल आहे. वत्सलाबाईंच्या दारात मात्र आत जायचा धीर झाला नाही. फाटकातूनच म्हटलं, "याल का? फुलांचंच आहे." त्या आल्या. मंजुषाही आली, तिला कुठलीही ट्रायल चुकवणं माहीत नाही. शेडमध्ये भागीबाई पाने-पकडी गोणीत भरत होती. वाळू म्हणाला, "काकू, आता कशापायी?"

"तुझे पिवळे कागद काढ."

ते कागद पाण्याचा थेंब लागला की तिथं निळे होतात. मी रस्त्याच्या त्या अंगाला, तीस पावलं लांब, काठ्या रोवून कागद टाचायला लावले. आधी बारीक चकत्या. ढग उठला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. पंखा बंद केला आणि कागद आणले. ठिपकेच ठिपके. वत्सलाबाईंनी कागद हातात घेतला, त्याच्याकडं बघितलं आणि त्यांची मान खाली गेली. त्यांना फुलं आठवली. मग वाळूनं मोठ्या चकत्या लावल्या. ढग नाही, शिट्ट्या नाहीत. समोरचं लिंबाचं झाड मात्र निथळलं, आणि तीस पावलांवरचा कागद पिवळाच्या पिवळा.

आता बोलायचं होतं. आयुष्यभर फुकट बोलले, हे पहिलंच किंमत मोजून.

"ह्या पहिल्या चकत्या मी लावायला लावल्या," मी म्हटलं. "तो नको म्हणत होता. पहाटे मारू नका म्हणाला होता, मी मारलं. मंजुषाला दाखवायला." फोन काढला आणि फोटो वत्सलाबाईंच्या हातात दिला. "हा त्या दिवशीचा. मी ग्रुपवरून खोडला. आणि थुंक्या हे नावपण मीच ठेवलं, त्याला कधी कुणावर थुंकलेलं कुणी पाहिलेलं नाही."

फोन हातोहात फिरला. माझं काश्मीर सगळ्या गावानं बघितलं.

वत्सलाबाईंनी फोन परत दिला. "पाच दिवस लागले तुला, आशा. एवढं बोलतेस तू. पाच दिवस." मग वाळूकडं वळल्या. "आणि तू रे? कुणीही हिणवलं की पाना फिरवायचा का?" वाळूनं मान खाली घातली. "पुढच्या साली माझ्या बांधाच्या वर जो कुणी फवारेल, त्याच्या चकत्या आधी हा बघेल. मगच ट्रॅक्टर सुटेल." एवढं बोलून त्या निघून गेल्या. मला क्षमा वगैरे काही नाही. बांधावर अजून बोलत नाहीत. मेथीची जुडी यायची सांजेला, ती बंद झाली ती बंदच.

भागीबाईनं गोणी उलटी केली. पाने सगळे खणखणत फळीवर परत गेले. मी चहा मागवला. तिनं कप घेतला, हातात धरून ठेवला, आणि निवल्यावर कोपऱ्यातल्या कुंडीत ओतला. बरोबर आहे.

शेडवर आता पुन्हा गर्दी असते. सगळ्यात आधी आली मंजुषा, बारीक चकत्या काढून घ्यायला. पण नाव काही गेलं नाही. लहान पोरं थुंक्याच म्हणतात, नवीन माणसाला पत्ताही तोच सांगतात. मी चारचौघांत दटावते, तर हसतात. मी स्वतः त्याला वाळूभाऊ म्हणायचं ठरवलंय.

परवा ब्लोअर घेऊन गेले. तो आत वाकून काम करत होता. "वाळूभाऊ," मी हाक मारली. काही नाही. "वाळूभाऊ!" त्यानं हात थांबवला, मागं वळून रस्त्याकडं बघितलं, कुणाला बोलावतायत म्हणून, आणि पुन्हा टाकीत शिरला. तिसरी हाक मारायला मला बराच वेळ लागला.